बघ्याची भूमिका

गेल्या आठवड्यात मी दोन चित्रपट पाहिले. एक माझ्या जुन्या ओळखीचा, हिचकॉकचा १९५४ सालचा 'रिअर विंडो'. दुसरा नातवानं आग्रहानं दाखवलेला माहितीपट, २०१८ सालचा 'फ्री सोलो'. अ‍ॅलेक्स हॉनोल्ड हा गिर्यारोहक ३ जून २०१७ रोजी कॅलिफोर्नियातला एल कॅपिटन हा सुमारे ३००० फुटांचा उभा कडा दोराशिवाय, एकटा चढला. त्याची ही कथा. नातू आधीच म्हणाला होता, "आजोबा, तो पोचतो वर." तरी माझ्या तळहातांना घाम फुटला. आता प्रश्न असा, की शेवट माहीत असताना भीती कसली?

हिचकॉक म्हणायचा, टेबलाखालचा बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षक क्षणभर दचकतो. पण बॉम्ब आहे हे फक्त प्रेक्षकालाच ठाऊक असेल, तर तो सारा वेळ तळमळतो. म्हणजे उत्कंठा अज्ञानातून येत नाही. माझ्या मते ती येते 'मला दिसतंय, पण मला काही करता येत नाही' यातून.

'रिअर विंडो'तला जेफ छायाचित्रकार. मोटारींच्या शर्यतीत फोटो काढताना त्याचा पाय मोडलाय. चाकाच्या खुर्चीत बसून तो शेजाऱ्यांच्या खिडक्या न्याहाळतो. समोरच्या माणसानं बायकोचा खून केला असा त्याला संशय येतो. पुरावा शोधायला त्याची प्रेयसी लिसा त्या घरात शिरते, आणि तो माणूस परत येतो. जेफ भिंगातून बघतोय, बस. पुढे लिसा पाठीमागे हात धरून बोटातली अंगठी खुणेनं दाखवते. खुनी ती खूण पाहतो, नजर वर करतो आणि थेट जेफकडे, म्हणजे आपल्याकडे बघतो. किल्लीच्या भोकातून डोकावणारा स्वतः पकडला जातो, हे सार्त्रचं उदाहरण मी वर्गात कितीदा सांगितलं असेल. या एका दृश्यात ते जास्त चांगलं कळतं.

'फ्री सोलो'त कॅमेरा धरणारी माणसं अ‍ॅलेक्सची मित्रमंडळी आहेत. आपल्या असण्यानं त्याचं चित्त ढळलं तर? तो आपल्याच चौकटीतून खाली कोसळला तर? म्हणून सर्वांत अवघड जागी माणूस न ठेवता दुरून चालणारे कॅमेरे लावले. खाली जमिनीवरच्या एका कॅमेरामनला तर बघवेना. त्यानं तोंड फिरवलं. माझ्या लेखी चित्रपटातला सर्वांत खरा क्षण हाच.

इथंच माझी तक्रार आहे. हा प्रश्न चित्रपट मित्रांना विचारतो, प्रेक्षकाला विचारत नाही. आपल्याला देतो ते भव्य दृश्य आणि शेवटी सुटकेचा निःश्वास. हिचकॉक आपल्याला असं सोडत नाही.

कुणी म्हणेल, सर, जेफ बघत होता म्हणूनच खुनी सापडला ना? बरोबर आहे. बघणं हे पाप नव्हे. पण त्या घरात जिवाची जोखीम लिसानं घेतली, आणि शेवटी जेफचेही दोन्ही पाय प्लास्टरमध्ये जातात. आपण मात्र धडधाकट पायांनी घरी जातो.

तो कॅमेरामन तोंड फिरवू शकला. मी घाम पुसला आणि बघत राहिलो. का, याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही. इथं थांबतो.