रहस्यकादंबरीचा दुसरा खर्डा : उकल कोणासमोर करायची?

मागच्या वेळी रहस्यकादंबरीची सुरुवात कशी करावी यावर बोललो, तेव्हा शेवटी एकांनी विचारलं होतं की सुरुवात होते हो, रेटून शेवटही होतो, पण मग हातात जे काही येतं ते सुधारायचं कसं? आज त्याबद्दलच बोलू. पण आधी आमच्या हातून झालेली एक चूक सांगितली पाहिजे, कारण आजचं सगळं बोलणं तिच्यातून निघालेलं आहे.

आम्ही तिघं गेली काही वर्षं हस्तलिखितं वाचून अभिप्राय देतो. पैसे घेत नाही, त्यामुळे बेजबाबदारपणा करायला मोकळीक असते, हे आता कळतंय. अशीच एक कादंबरी आमच्याकडे आली. लेखिका पतसंस्थेतून निवृत्त झालेल्या. त्यांचं नाव, गाव सांगणार नाही, पण कादंबरीबद्दल बोलायची परवानगी त्यांनी दिलेली आहे. गोष्ट तालुक्याच्या गावातली. पतसंस्थेचा मॅनेजर दफ्तरखान्यात मरून पडलेला सापडतो. घोडा, म्हणजे ती लाकडी शिडी, शेजारी पडलेली. वरून पडला असेल म्हणून पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात. पुढे कळतं की ठेवींचे पैसे गेलेत आणि हा पडलेला नाही, पाडलेला आहे.

कादंबरीत एक फार सुंदर दुवा होता. पिग्मी गोळा करणाऱ्या एजंटाचं पावतीपुस्तक. वरची पावती गिऱ्हाइकाला जाते आणि कार्बनखालची प्रत संस्थेत राहते. या दोन आकड्यांत फरक. आणि हा फरक लेखिकेनं चाळिसाव्या पानावरच वाचकासमोर ठेवलेला होता, पण अशा बेतानं की वाचक भाजीवालीच्या तक्रारीवर हसतो आणि पुढे जातो. ज्यानं पतसंस्थेत आयुष्य घालवलंय त्यालाच हे सुचणार.

शेवट मात्र वाईट होता. इन्स्पेक्टर जीपमध्ये बसतो आणि परतीच्या वाटेवर कॉन्स्टेबलला सगळं समजावून सांगतो. नऊ पानं. कॉन्स्टेबल मधे मधे "पण साहेब, मग ती शिडी?" असं विचारतो. साहेब सांगतात.

आम्ही काय सल्ला दिला? "मधला भाग जरा ढिला पडतोय, आणखी एक खून घाला." रहस्यकथेचा खर्डा रेंगाळला की हा सल्ला कुणीही देतो. जेवण बेचव लागलं की वरून तिखट घालायचं, तसं. त्यांनी मान दिला आणि शिपायाला मारलं. चार महिने खपून दुसरा खर्डा पाठवला. आता प्रत्येक पात्र दोन वेळा कुठे होतं ते सांगावं लागत होतं, पावतीपुस्तकाचा दुवा त्या धुरळ्यात दिसेनासा झाला होता, आणि जीपमधली नऊ पानं सतरा झाली होती. त्यांनाही ते कळलं. कागद बांधून ठेवले आणि लिहिणं थांबवलं.

चूक नेमकी कुठे झाली हे आम्हाला बऱ्याच उशिरा उमगलं, तेही दुसऱ्याच एका खर्ड्याकडे बघताना. तो खर्डा अगाथा ख्रिस्तीच्या पहिल्या कादंबरीचा, 'द मिस्टिरियस अफेअर अ‍ॅट स्टाइल्स'चा. (खुनी कोण ते सांगणार नाही, काळजी करू नका. निर्दोष कोण हे मात्र सांगावं लागेल.)

ही कादंबरी तिनं १९१६ साली लिहिली. महायुद्ध चालू होतं आणि ती टॉर्कीच्या रुग्णालयात औषधं तयार करण्याच्या विभागात काम करत होती. विषाची माहिती तिथली. मध्यावर येऊन गाडी अडली, तेव्हा आईच्या सांगण्यावरून ती दोन आठवडे डार्टमूरच्या माळरानावर एका हॉटेलात जाऊन राहिली. सकाळी लिहायचं आणि दुपारी एकटीनं मैलोन् मैल चालत पात्रांचे संवाद पुटपुटायचे. तिनं आत्मचरित्रात म्हटलंय की लिहून झाल्यावर पुष्कळसा भाग पुन्हा लिहिला, आणि तो मुख्यतः मधला, फार गुंतागुंतीचा झालेला भाग. बघा, आम्ही त्या बाईंना जे सांगितलं त्याच्या बरोबर उलट. मध्य ढिला वाटतो तेव्हा बऱ्याचदा तो रिकामा नसतो, भरगच्च असतो.

एकापाठोपाठ प्रकाशकांनी हस्तलिखित परत केलं. शेवटी बॉडली हेडच्या जॉन लेनने, तेही बराच काळ ठेवून घेतल्यावर, तिला बोलावलं. अट घातली ती शेवटच्या प्रकरणाबद्दल. मूळ खर्ड्यात जॉन कॅव्हेंडिशवर खुनाचा खटला चालू आहे आणि हर्क्युल प्वारो साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहून सगळी उकल करतो. लेनचं म्हणणं, न्यायालयात असं होत नाही. एक तर कायदा जाणणाऱ्या कुणाची मदत घ्या, नाहीतर शेवट दुसऱ्या तऱ्हेनं करा. तिनं दुसरा मार्ग घेतला. पुस्तक १९२० साली अमेरिकेत आणि जानेवारी १९२१ मध्ये इंग्लंडमध्ये आलं. पहिल्या दोन हजार प्रतींवर मानधन नाही, असा करार. असो.

ते टाकून दिलेलं प्रकरण तिच्या वह्यांमध्ये शिल्लक होतं. जॉन करन या अभ्यासकानं २०११ साली ते छापलं, त्यामुळे आज दोन्ही शेवट शेजारी ठेवून वाचता येतात. नव्यानं लिहिणाऱ्यानं ते एकदा तरी वाचावेत.

आता गंमत काय, की खुनी तोच आहे. विष तेच, स्ट्रिक्नीन, म्हणजे आपल्याकडच्या काजऱ्याच्या बियांत असतं ते. युक्तीही तीच : स्ट्रिक्नीन असलेल्या टॉनिकमध्ये ब्रोमाइड पडलं की विष हळूहळू तळाशी बसतं, आणि बाटलीतल्या शेवटच्या घोटात ते सगळं एकदम येतं. कोड्यात काही दोष नव्हता. लेनला कायद्याची अडचण दिसली, आणि ती खरीच होती. साक्षीदारानं आपण पाहिलं ते सांगायचं असतं, प्रवचन द्यायचं नसतं. पण आमच्या मते त्या दुरुस्तीनं जे साधलं ते कायद्याच्या पलीकडचं आहे.

न्यायालयात प्वारो बोलतो तेव्हा ऐकतं कोण? न्यायाधीश, वकील. मरण पावलेल्या म्हातारीशी त्यांचा काही संबंध नाही. घरातली माणसं श्रोत्यांच्या बाकांवर. त्यांना बोलायची मुभाच नाही. खुनी दचकला तरी त्याच्याकडे बघणार कोण? नव्या शेवटात प्वारो घरातल्या सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावतो. आता ऐकणाऱ्या प्रत्येकाचं काहीतरी पणाला लागलंय. कुणाचा नवरा कोठडीत आहे, कुणी दुसऱ्याला वाचवायला खोटं बोललंय, आणि एकाला ठाऊक आहे की पुढचं वाक्य आपल्यावर येऊ शकतं. माहिती तीच, पण ऐकणारे बदलल्याबरोबर तिचा प्रसंग झाला.

आणखी एक गोष्ट तिनं केली, जिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. उकल तिनं दोन ठिकाणी वाटून टाकली. दिवाणखान्यात फक्त आरोप आणि तो पक्का करणारा दुवा, एक पत्र. तिथे नाव फुटतं आणि प्रकरण संपतं. राहिलेला बारीकसारीक हिशोब पुढच्या प्रकरणात, आणि तो ऐकायला फक्त हेस्टिंग्ज. आता हेस्टिंग्ज म्हणजे आमचा जीपमधला कॉन्स्टेबल झाला का? नाही. तो रुसलेला आहे. मित्रानं आपल्याला अंधारात ठेवलं याचा त्याला राग आहे. म्हणून तिथलं प्रत्येक स्पष्टीकरण एका मैत्रीतल्या भांडणाचंही उत्तर आहे. जीपमधल्या बिचाऱ्या कॉन्स्टेबलला ड्यूटी संपवून घरी जायचं होतं.

म्हणजे दुरुस्तीनंतर कादंबरी निर्दोष झाली असं नाही. खटला तिनं पूर्ण काढला नाही, आधीच्या प्रकरणात तो राहिलाच. आणि जॉन निर्दोष आहे हे माहीत असूनही प्वारोनं त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात का उभं राहू दिलं, तर त्या नवरा-बायकोचं पुन्हा जुळावं म्हणून! ज्या काळात खुनाला फाशी होती त्या काळात हा उपाय जरा जास्तच झाला. आम्हाला हा जुन्या खर्ड्याचा उरलेला सांधा वाटतो, वरून रंग दिलेला. ख्रिस्तीलाही हे जोडपं फिकं उतरल्याची जाणीव होती. प्रेमकथा तिला रहस्यकथेत नकोच असायची, पण तेव्हा ती असावी लागे.

(सभागृहातून प्रश्न : आपल्याकडच्या रहस्यकथेत दिवाणखाना कुठून आणायचा?)

बरोबर विचारलंत. तो आणूच नये. आपल्याकडे खर्ड्यांत हमखास येतो तो शेवट म्हणजे कबुली. इन्स्पेक्टर टेबलावर हात आपटतो आणि खुनी चौकीत घडाघडा बोलतो. लेनची हरकत इथे जशीच्या तशी लागू पडते. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याचं ते २५ वं कलम. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला, त्यात ही तरतूद २३ व्या कलमात आहे. अपवाद एवढाच की आरोपीनं कोठडीत सांगितल्यावरून एखादी वस्तू हाती लागली, तर सांगण्याचा नेमका तेवढा भाग चालतो.

हे ऐकून लेखक हिरमुसतात. पण ही बंदी म्हणजे आयतं घबाड आहे. कबुली कामाची नाही म्हटल्यावर आरोपीला एका जागेकडे बोट दाखवायला लावलं पाहिजे. तिथे पंच उभे, विहिरीत माणूस उतरलेला, काठावर अर्धं गाव. आता सांगा, ऐकणारे आले की नाही?

बाबुराव अर्नाळकरांचं नाव कुणीतरी घेणारच, म्हणून आम्हीच घेतो. त्यांनी हजारांवर रहस्यकथा लिहिल्या. त्या वेगात दुसरा खर्डा संभवत नाही, आणि त्या आटोपशीर कथांना त्याची गरजही भासत नसावी. झुंजार येतो, मारामारी होते, पान उलटतं. अडीचशे पानांची कादंबरी त्या वेगावर निभत नाही. आमच्याकडे येणारे बरेच खर्डे अर्नाळकरांचा वेग आणि ख्रिस्तीचा शेवट एकत्र शिवायला जातात, आणि ती शिवण उसवते.

(प्रश्न : मग खर्डा हातात घेऊन आधी काय करायचं?)

आम्ही हल्ली एकच काम आधी करायला सांगतो. खुन्याच्या बाजूनं दिवस लिहून काढा. कादंबरीत घालायला नाही, स्वतःसाठी. सकाळी काय केलं, किल्ली कुठून घेतली, कुणी पाहिलं. दोन-तीन पानांत होतं. मग खर्ड्यातला एकेक प्रसंग घेऊन विचारायचं की इथे माहिती कोणाला मिळतेय आणि ती मिळाल्यानं त्याचं काय जातंय. काहीच जात नसेल तर ऐकणारा बदला. प्रसंग नका बदलू, खून तर नकाच वाढवू.

हेच आम्ही गेल्या महिन्यात त्या बाईंना फोन करून सांगितलं. आधी माफी मागितली. मग म्हटलं, "ताई, शिपायाला जिवंत करा आणि साहेबांना जीपमधून उतरवा." त्या म्हणाल्या, "उतरवून नेऊ कुठे?" आम्ही म्हटलं, पतसंस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा असतेच की. ठेवीदार समोर बसलेले, संचालक मंडळ वर खुर्च्यांवर, पिग्मी एजंट दाराशी. साहेबांनी काही बोलायचीही गरज नाही. त्या भाजीवालीनं आपल्याकडची पावती वाचायची आणि लेखनिकानं कार्बन प्रत.

बराच वेळ काही बोलल्या नाहीत. आम्हाला वाटलं रागावल्या. मग म्हणाल्या, "अहो, पण पहिल्या वेळेला कोरम भरत नाही कधी. सभा तहकूब होते आणि अर्ध्या तासानं तिथेच पुन्हा घेतात. नोटिशीत छापलेलंच असतं तसं."

आम्ही म्हटलं, मग?

"मग काय, त्या अर्ध्या तासात चहा असतो. सगळे बाहेर येतात. दफ्तरखाना उघडाच राहतो." आणि कागद माळ्यावरून काढायचेत म्हणून त्यांनी फोन ठेवला.