‘फुकट आहे’ हे कारण पुरत नाही

वराळ्यात कॉलेजच्या आसपास रूम करून राहणाऱ्या मुलामुलींकडून दर सेमिस्टरला एक प्रश्न हमखास येतो. “ताई, मॅटलॅबचं क्रॅक व्हर्जन चालेल का, की सायलॅब शिकू?” आता पीएचडीच्या तयारीला लागलेलेही हेच विचारायला लागलेत, म्हणून एकदा नीट लिहिते.

क्रॅकचं उत्तर एका शब्दात: नको. पेपरमध्ये जे साधन वापरलं असं उघड लिहिता येणार नाही, ते संशोधनात वापरायचंच नाही. उरलेला प्रश्न मात्र खरा आहे.

ओपन सोर्सच्या बाजूने आपल्याकडे जे बोललं जातं ते बहुतेक वेळा पैशापाशी येऊन थांबतं. लिनक्स फुकट, लिब्रेऑफिस फुकट, सायलॅब फुकट. समोरचा म्हणतो, कंपनीचं सॉफ्टवेअर सोपं असतं, अडलं तर मदत मिळते, नोकरीत तेच लागतं. दोन्ही मुद्दे खरे, पण संशोधन करणाऱ्यासाठी दोन्ही नंतरचे. पहिला प्रश्न असा विचारा: मी केलेलं काम पाच वर्षांनी, दुसऱ्याच्या मशीनवर, मी शेजारी नसताना कोणाला उघडून तपासता येईल का?

मला हे फटका बसल्यावर कळलं. एम.ई.ला असताना सगळं विश्लेषण मी लॅबमधल्या एका महागड्या पॅकेजवर केलं. लायसन्स अर्थातच संस्थेचं. पास झाले, पेपर पाठवला, आणि आठ महिन्यांनी रिव्ह्यूअरने एकच बदल मागितला: एक आलेख वेगळ्या मर्यादा घेऊन काढून दाखवा. तोपर्यंत लायसन्स संपलं होतं. आकडे माझे, फाइल माझ्या लॅपटॉपवर, आणि ती उघडायला माझ्याकडे काहीच नाही! वहीतल्या नोंदी पुन्हा भरून महिनाभर तेच काम परत केलं. यात पॅकेजची चूक कमी, माझी जास्त. सगळे आकडे साध्या टेक्स्ट फाइलमध्ये काढून ठेवायला दोन मिनिटं लागली असती.

तुम्हाला वाटेल, हा एकटीचा वेंधळेपणा. पण आपल्या भाषेनेही हेच भोगलंय. १९९० च्या दशकात घराघरांतल्या, ऑफिसांतल्या विंडोजमध्ये देवनागरीची सोय नव्हती. तेव्हा पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं ‘श्रीलिपी’ आणि सी-डॅकचं ‘आयएसएम’ अशा पॅकेजांवर मराठी डीटीपी उभं राहिलं. पुस्तकं, अंक, लग्नपत्रिका, संस्थांच्या स्मरणिका यांतून छापून निघाल्या. हे काम मोठं आहे, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण आतली रचना बघा. इंग्रजी अक्षरांसाठी ठरलेल्या क्रमांकांच्या जागी या फॉन्टमध्ये मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत. काना एका क्रमांकावर, अर्धा ‘क’ दुसऱ्यावर. कुठला तुकडा कुठे, हे प्रत्येकाचं वेगळं. म्हणून तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की समोर रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. मराठी शब्द टाकून शोधता येत नाही, अकारविल्हे यादी लावता येत नाही. कन्व्हर्टर वापरला तरी रफार आणि ऱ्हस्व वेलांटी जागा सोडतात, कारण त्या फाइलमध्ये अक्षरं उच्चाराच्या नाही, दिसण्याच्या क्रमाने ठेवलेली असतात. उद्या कोणाला मावळातल्या सहकारी संस्थांच्या जुन्या अहवालांवर काम करायचं असेल, तर त्याचे पहिले काही आठवडे या साफसफाईत जातील.

यातून सुटका झाली ती युनिकोडमुळे. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून त्यात देवनागरी आहे, आणि कुठल्या अक्षराला कुठला क्रमांक हे सगळ्या जगाला माहीत आहे. आता गंमत बघा. युनिकोड लिनक्सवर चालतो तसा विंडोजवरही चालतो. सी-डॅक तर सरकारी संस्था, तरीही तिच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर अडकलाच. म्हणजे मालक कोण यापेक्षा रचना उघड आहे की नाही, हे जास्त महत्त्वाचं ठरलं.

याच नजरेने आता सायलॅबकडे बघू. आयआयटी मुंबईचा ‘फॉसी’ प्रकल्प शिक्षणात ओपन सोर्स आणण्यासाठी आहे. त्यातला ‘टेक्स्टबुक कंपॅनियन’ उपक्रम मला विशेष आवडतो. विद्यार्थी एक पाठ्यपुस्तक निवडतात, त्यातली सोडवलेली उदाहरणं सायलॅबमध्ये कोड करतात, आणि तो कोड सगळ्यांसाठी खुला होतो. जोडीला आयआयटी मुंबईचेच ‘स्पोकन ट्युटोरियल’ आहेत, मराठीतूनही. अर्ध्या स्क्रीनवर व्हिडिओ, अर्ध्यावर आपण टाइप करायचं. इंग्रजीची धास्ती असलेल्या मुलांना यासारखी सुरुवात नाही.

पण मर्यादाही सांगायला हवी. पुस्तकातल्या उदाहरणाचं उत्तर आधीच छापलेलं असतं. कोड त्या उत्तराशी जुळला की आपण खूश. संशोधनात उत्तर छापलेलं नसतं, तिथे आपला कोड बरोबर आहे हे कसं ओळखायचं? हे कंपॅनियन शिकवत नाही, आणि नुसतं सॉफ्टवेअर बदलूनही ते येत नाही.

याची दोन उदाहरणं परदेशातली आहेत, ती लक्षात ठेवाच. रसायनशास्त्रात एनएमआरच्या गणितासाठी २०१४ मध्ये काही पायथन स्क्रिप्ट प्रसिद्ध झाल्या. कोड पूर्ण उघडा. २०१९ मध्ये हवाई विद्यापीठातल्या संशोधकांना दिसलं की ऑपरेटिंग सिस्टीम बदलली की उत्तर बदलतंय! कारण साधं होतं. स्क्रिप्ट फोल्डरमधल्या फाइलींची यादी मागत होती, आणि ती कुठल्या क्रमाने येते हे प्रत्येक सिस्टीमवर सारखं नसतं. यादी आधी क्रमाने लावून घेतली की चूक गेली. पाच वर्षं कोड उघडा होता, आणि तो दोष तसाच राहिला.

दुसरं उदाहरण उलट बाजूचं. राइनहार्ट आणि रोगॉफ यांचा देशांवरचं कर्ज आणि आर्थिक वाढ यांवरचा २०१० चा पेपर जगभर गाजला. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या पीएचडीच्या विद्यार्थ्याने आणि त्याच्या प्राध्यापकांनी दाखवलं की सरासरी काढताना पाच देशांच्या ओळी सूत्रातून सुटल्या होत्या. हे गणित एक्सेलमध्ये होतं, म्हणजे कंपनीच्या बंद सॉफ्टवेअरमध्ये. तरी चूक सापडली, कारण लेखकांनी त्याला आपली शीट दिली.

दोन्ही शेजारी ठेवून बघा. पहिल्यात कोड उघडा होता, पण कोणीतरी दुसऱ्या मशीनवर चालवून बघेपर्यंत उपयोग झाला नाही. दुसऱ्यात सॉफ्टवेअर बंद होतं, पण काम उघडं होतं. ओपन सोर्स तपासणीचा दरवाजा उघडा ठेवतो. आत कोणीतरी जावं लागतं.

तरी माझा कौल ओपन सोर्सलाच आहे. स्क्रिप्टमधला दोष सापडल्यावर तो कुठल्या ओळीत आहे हे दाखवता आलं. तोच दोष बंद पॅकेजच्या पोटात असता, तर “उत्तरं जुळत नाहीत” एवढंच म्हणता आलं असतं. कंपनीचं सॉफ्टवेअर घ्यायची वेळही येतेच. लॅबमधलं उपकरण त्याच्याच प्रोग्रॅमवर चालतं, किंवा तळेगाव-चाकण पट्ट्यातली तुमची पार्टनर कंपनी सिम्युलिंकचंच मॉडेल मागते. तिथे बिनधास्त वापरा, हट्ट धरू नका. फक्त काम त्यात कोंडू नका.

म्हणून सॉफ्टवेअर निवडण्याआधी एवढं करा. मूळ आकडे सीएसव्हीसारख्या साध्या फाइलमध्ये वेगळे ठेवा. सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि ऑपरेटिंग सिस्टीम त्याच दिवशी लिहून ठेवा, थीसिस लिहिताना ती आठवत नाही. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. आणि महिन्यातून एकदा आपलं फोल्डर रूममेटच्या लॅपटॉपवर टाका आणि म्हणा, “मला काही न विचारता हा आलेख काढून दाखव.”

त्याला जमलं नाही, तर रिव्ह्यूअरलाही जमणार नाही. आणि आठ महिन्यांनी तुम्हालाही नाही.