टेहळणीची वास्तू आणि तिचे दृष्टिक्षेत्र : राजगड-तोरणा यांच्या संदर्भात

टेहळणी व नियंत्रण यांसाठी उभारलेल्या वास्तूचे मूल्य तिच्या बांधकामाइतकेच तिच्या नजरेच्या टप्प्यात सामावलेले असते. लंडनच्या क्रॉयडन विमानतळाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. तेथील १९२८ ची इमारत नियंत्रण मनोऱ्यासह जतन झाली; परंतु १९५९ मध्ये विमानतळ बंद पडल्यानंतर उड्डाण-मैदानाच्या बऱ्याच भागावर वस्ती उभी राहिली. मनोरा उरला, पण त्याने ज्यावर लक्ष ठेवायचे तेच हरपले.

हाच प्रश्न भोर-वेल्हे परिसरातील किल्ल्यांबाबत उपस्थित होतो. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यात राजगड आहे. मात्र शेजारचा तोरणा व भोरचा रोहिडा नाहीत. वास्तविक राजगडाची संजीवनी माची आणि तोरण्याची बुधला माची एकाच डोंगरधारेने जोडलेल्या आहेत. शीर्षक भूप्रदेशाचे आणि निवड सुट्या बिंदूंची, हा येथील अंतर्विरोध होय.

प्रातिनिधिक निवड अपरिहार्य असते, हे मान्य करावे लागेल. तथापि तटबंदीची डागडुजी केल्याने डोंगरधार व खोरे आपोआप सुरक्षित होत नाहीत. त्यासाठी बालेकिल्ल्यावरून दिसणाऱ्या प्रदेशाची नोंद, त्यातील नव्या बांधकामांवर मर्यादा आणि यादीबाहेरील किल्ल्यांचा व्यवस्थापन आराखड्यात विचार, या तीन बाबी आवश्यक ठरतात. अन्यथा बुरूज शाबूत राहतील आणि त्यांची नजर मात्र हरवेल.