याप्य व्याधी आणि दोन वैद्यके

देशी व पाश्चात्त्य वैद्यकांच्या तुलनेवर आपल्याकडे विपुल लेखन झाले आहे; परंतु त्यातील बराच भाग तुलना या संज्ञेस पात्र ठरत नाही. संहितेतील आदर्श वैद्य आणि गर्दीच्या दवाखान्यातील थकलेला डॉक्टर, किंवा प्रयोगशाळेतील शोध आणि बाजारातील काढेविक्या, अशा विषम जोड्या समोरासमोर ठेवल्या की निर्णय आधीच ठरलेला असतो. दीर्घकालीन व्याधींच्या बाबतीत हा दोष अधिक घातक होय. कारण तेथे रुग्ण वर्षानुवर्षे दोन्हीकडचे उंबरठे झिजवीत असतो.

सातारा व सांगली जिल्ह्यांत हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. साताऱ्याच्या आर्यांग्ल वैद्यक महाविद्यालयाच्या नावातच दोन परंपरांचा समास आहे. मिरजेस डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिशनचे रुग्णालय उभारले. पाचगणीस डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये क्षयरुग्णांसाठी बेल-एअर आरोग्यधाम स्थापिले.

पैकी आरोग्यधामांचा इतिहास विशेष उद्बोधक आहे. पाश्चात्त्य वैद्यक रोगाकडे पाहते व देशी वैद्यक रोग्याकडे, असे एक सूत्र रूढ आहे. परंतु निर्मळ हवा, विश्रांती आणि पौष्टिक आहार या आरोग्यधामीय उपचारत्रयीत व वैद्याच्या पथ्यात तत्त्वतः फारसे अंतर नव्हते. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला व औषधांचे युग आले. पुढे मद्रास येथे १९३ क्षयरुग्णांची दोन गटांत विभागणी करून सर्वांना वर्षभर तीच औषधे देण्यात आली; एक गट आरोग्यधामात राहिला, दुसरा आपल्या दरिद्री घरी. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेले दोहोंचे निष्कर्ष जवळजवळ सारखे होते. पाश्चात्त्य वैद्यकाने येथे आपलेच एक प्रतिष्ठित पथ्य परीक्षेस लावून बाजूस सारले. त्याचे खरे वैशिष्ट्य औषधात नसून या परीक्षेत आहे.

तथापि सर्व दीर्घ व्याधी क्षयासारख्या बऱ्या होत नाहीत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात असाध्य रोगांचे याप्य व प्रत्याख्येय असे दोन भेद सांगितले आहेत. जो समूळ जात नाही, परंतु पथ्य व उपचार यांच्या आधारे ज्यासह जगता येते, तो याप्य. १९२२ मध्ये मधुमेही रुग्णास प्रथम इन्सुलिन दिले गेले. त्याने मृत्यू टळला, रोग गेला नाही. प्रत्याख्येय व्याधी याप्य झाली. आधुनिक वैद्यकाने घडविलेल्या या स्थितीचे अचूक नाव प्राचीन परिभाषेत सापडते. मात्र अचूक संज्ञा म्हणजे उपचाराचा पुरावा नव्हे.

असा पुरावा मिळविणे अशक्य आहे, कारण आयुर्वेदाचा उपचार प्रकृतीनुसार बदलतो, हा आक्षेपही टिकत नाही. कोइमतूर येथील, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आमवातसदृश संधिविकाराच्या ४३ रुग्णांवर आयुर्वेदीय औषधे, मेथोट्रेक्सेट आणि दोहोंचा संयोग यांची तुलना झाली. वैद्यांना रुग्णागणिक औषध बदलण्याची मुभा होती. तरी कोणास काय मिळते हे रुग्ण व वैद्य या दोघांपासूनही गुप्त राखले गेले. तिन्ही गटांतील परिणाम साधारण समान आढळला. रुग्णसंख्या अल्प असल्याने यावरून सिद्धान्त काढणे धाडसाचे. परंतु मार्ग उपलब्ध आहे एवढे निश्चित.

चोप्रा समितीने १९४८ मध्ये दोन्ही वैद्यकांच्या समन्वयाची शिफारस केली; १९७० च्या कायद्याने देशी वैद्यकाच्या शिक्षणासाठी स्वतंत्र केंद्रीय परिषद आणली. चीननेही १९५६ मध्ये पारंपरिक वैद्यकाची स्वतंत्र महाविद्यालये काढली. परंतु अभ्यासक्रम जोडले वा तोडले, तरी एकाच कसोटीवाचून तुलना संभवत नाही.

या कसोटीचा एक अंश खुद्द चरकातच आहे. असाध्य रोग हाती घेणाऱ्या वैद्याच्या अर्थ, विद्या व यश यांची हानी होते, असे तो बजावतो. बालमधुमेह्याचे इन्सुलिन थांबवून रोग समूळ घालविण्याचे आश्वासन देणारा मनुष्य म्हणूनच पाश्चात्त्य शास्त्राआधी स्वतःच्या शास्त्राचा अपराधी ठरतो. त्याची किंमत मात्र रुग्णाला प्राणांनी मोजावी लागते.