टिकटिक आणि झोक

कर्वेनगरात विठ्ठल मंदिराच्या आसपासच्या गल्ल्यांतून संध्याकाळी फिरलं, की एखाद्या तळमजल्यावरून ड्रम्सचा धडधडाट कानावर येतो. खिडक्यांना गाद्या टेकवलेल्या असतात, तरी येतो. कॉलेजच्या पोरांचे बँड. पूर्वी ही पोरं मेटालिका घोटायची. आता बऱ्याच जणांच्या यादीत एखादा अभंग असतोच. 'अभंग रिपोस्ट'ने ड्रम्स आणि बास गिटारवर अभंग उभे केले, लोकांनी उचलून धरले आणि वाट मळली. ती कुठवर गेली, हे मात्र कुणी विचारत नाही.

ताडून पाहायला एक जुनी गोष्ट आहे. 'द बर्ड्‌स' हा लॉस एंजेलिसचा बँड १९६८ साली कंट्रीकडे वळला. कंट्री म्हणजे तिकडचं गावाकडचं गाणं. शहरी रॉकवाल्यांच्या लेखी जुनाट. ग्रॅम पार्सन्स नावाचा तरुण बँडमध्ये आला, त्याच्या नादाने ही मंडळी मार्चमध्ये थेट नॅशव्हिलला गेली. तिथल्या 'ग्रँड ओल ऑप्री'च्या मंचावरही उभी राहिली. श्रोत्यांनी हेटाळणी केली. रेकॉर्डिंगला मात्र त्यांनी लॉइड ग्रीन हा तिथलाच मुरलेला पेडल स्टील वादक बसवला. हे वाद्य टेबलासारखं आडवं, तारांवर धातूची कांडी सरकते, पाय पेडलवर, आणि सूर मींड घेतल्यासारखा वाकतो. ग्रीनने विचारलं, कुठे भरू? उत्तर मिळालं, सगळीकडे. माझ्या मते त्या तबकडीचं मर्म या उत्तरात आहे.

'स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ' त्या ऑगस्टमध्ये आली आणि अमेरिकी यादीत ७७ व्या क्रमांकापुढे सरकली नाही. पार्सन्स तर त्याआधीच बँड सोडून गेला होता. पण त्याने आणि ख्रिस हिलमनने काढलेल्या 'फ्लाइंग बरिटो ब्रदर्स'मधून पुढे बर्नी लेडन 'ईगल्स'मध्ये गेला. एमिलू हॅरिस पार्सन्सबरोबर गाता गाता घडली. पडलेल्या तबकडीचा वंश असा वाढला.

आपल्याकडे उलटं झालं. लोकसंगीताचा मोठा धक्का बँडने नव्हे, सिनेमाने दिला. अजय-अतुल यांची 'अगं बाई अरेच्चा!'मधली 'मल्हारवारी' २००४ सालची. 'जोगवा'च्या संगीताला पुढे राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आजच्या गिटारवाल्याच्या कानात गोंधळ पोचला तो बहुधा गोंधळ्याकडून नाही, थिएटरातल्या स्पीकरमधून. यात वाईट काही नाही, पण पदार्थ आयता ताटात आला की चूल कशी पेटवतात ते कळत नाही.

म्हणूनच सगळे अभंगाकडे धावतात. भजनी ठेका आठ मात्रांचा; रॉकच्या चारच्या हिशेबात तो अलगद बसतो, ड्रमरला काही सोडावं लागत नाही. गोंधळाचा ठेका बहुधा सहाच्या झोकाचा, तोही मागेपुढे हलणारा. तो सरळ केला की गाणं कवायतीला उभं राहिल्यासारखं वाटतं. लावणीच्या ढोलकीला तर फारसं कुणी हातच लावत नाही. घेतलं ते सोयीचं, अवघड ते गावीच राहिलं. भक्तीला टाळ्याही हमखास मिळतात, हे आणखी एक.

गेल्या पावसाळ्यात अशाच एका तालमीला बसलो होतो. पोरांनी जेजुरीकडचा एक संबळवाला बोलावला होता. कमरेला जोडसंबळ बांधून तो उभा; एका काठीचं टोक वाकडं. कानाला हेडफोन लावून ड्रमर मेट्रोनोमवर वाजवत होता आणि दर चौथ्या आवर्तनाला दोघे फाटत होते. तीनदा झालं. पोरं एकमेकांकडे बघायला लागली, काका चुकतायत असं कुणी बोललं नाही एवढंच.

काकांनीच काठ्या थांबवल्या. म्हणाले, "ती टिकटिक काढ बरं कानातली. माझ्या हाताकडं बघ."

ड्रमरने हेडफोन काढून गादीवर टाकला. पहिली दहा मिनिटं त्याला एकही सम सापडली नाही.