परकेपणाची कसोटी : प्रथमभेटीचे तीन चित्रपट

परग्रहावरील जीवाशी मनुष्याची पहिली भेट हा विषय घेणाऱ्या चित्रपटांची चिकित्सा बहुधा त्यांतील विज्ञानाच्या संभाव्यतेवरून केली जाते. हा विचार अनाठायी नव्हे. परंतु कलाकृती म्हणून अशा चित्रपटाचे मूल्य वेगळ्याच कसोटीवर ठरते. जो परका म्हणून पडद्यावर आणला, त्याचे परकेपण अखेरपर्यंत टिकते काय, ही ती कसोटी होय.

रॉबर्ट वाइज यांच्या ‘द डे द अर्थ स्टुड स्टिल’ (१९५१) या चित्रपटातील क्लाटू वॉशिंग्टन येथे उतरतो तो मनुष्यरूपाने आणि इंग्रजी बोलतच. पृथ्वीवरील नभोवाणी ऐकून त्याने ती भाषा आत्मसात केलेली असते. भाषेची अडचण इतक्या सहजपणे निकालात निघाल्यावर भेटीचा प्रश्न उरत नाही, उपदेश तेवढा उरतो. मनुष्याने आपली हिंसा अंतराळात नेल्यास पृथ्वी भस्मसात होईल, हा त्याचा इशारा अणुयुगाच्या भयातून आलेला असून प्रभावीही आहे. मात्र तो प्रभाव नीतिकथेचा आहे.

आंद्रेई तारकोव्हस्की यांचा ‘सोलारिस’ (१९७२) स्तानिस्लाव लेम यांच्या १९६१ मधील कादंबरीवर आधारलेला आहे. येथील परका जीव म्हणजे एक विचारशील महासागर. तो बोलत नाही. केल्विनपुढे त्याची मृत पत्नी हारी सजीव करून उभी करतो. हे स्वागत, प्रयोग की शिक्षा, याचा उलगडा होत नाही. तारकोव्हस्कींची दृष्टी हळूहळू महासागरावरून केल्विनच्या अपराधभावनेकडे वळते, आणि लेम यांना चित्रपट रुचला नाही तो मुख्यतः याच कारणाने. तरीही पित्याचे घर त्या महासागरातीलच एका बेटावर आहे असे शेवटी दिसते, तेव्हा अज्ञेयाची सत्ता पुन्हा प्रस्थापित होते.

डेनी व्हिलनव्ह यांच्या ‘अरायव्हल’ (२०१६) मध्ये भाषा हाच कथेचा गाभा आहे. आगमनाचा हेतू विचारण्यापूर्वी प्रश्न म्हणजे काय हे त्या जीवांना कळते की नाही, याची खात्री करून घ्यावी लागते, हे भाषाशास्त्रज्ञ लुईज बँक्स सैनिकी अधिकाऱ्यांना पटवून देते. ‘शस्त्र’ आणि ‘साधन’ यांतील संदिग्धतेमुळे राष्ट्रे युद्धाच्या उंबरठ्यावर येतात, हा प्रसंगही याच सूत्रातून उद्भवतो. पण तीन हजार वर्षांनी मानवाचे साहाय्य लागेल, असा हेतू ते जीव अखेर सांगून टाकतात. टेड चियांग यांच्या मूळ कथेत (१९९८) ते कारण न सांगताच निघून जातात. चित्रपटाने भरून काढलेली ही पोकळीच कथेचे बळ होती.

संपूर्ण परक्याचे नाट्य रचता येत नाही, त्याला मानवी भावनेचा आधार द्यावाच लागतो, असा आक्षेप येथे संभवतो. तो अंशतः ग्राह्य आहे. हारीवाचून ‘सोलारिस’ निष्प्राण ठरला असता. परंतु मानवी दुःखाच्या आधाराने परक्याजवळ जाणे निराळे आणि त्याला मानवी हेतू बहाल करणे निराळे. परभाषेतील कृतीच्या अनुवादकापुढे आणि दूरच्या काळातील ग्रंथाच्या अभ्यासकापुढेही हाच विवेक उभा असतो. जे समजले नाही ते समजले नाही असे राखून ठेवण्याचे धैर्य या तिघांपैकी ‘सोलारिस’ने अधिक दाखविले, म्हणूनच त्यातील भेट ही खऱ्या अर्थाने भेट ठरते.