मोलाची माया

कोरियातील गाण्यांनी आपल्या मुलांना वेड लावले आहे, ही तक्रार आता पुण्यामुंबईपुरती राहिलेली नाही. नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, ती कोपरगाव-श्रीरामपूरच्या पालकांच्याही तोंडी असते. मुलगी मोबाईलवर सात कोरियन तरुणांची छायाचित्रे जपून ठेवते, त्यांचे वाढदिवस पाळते, त्यांची भाषा शिकू पाहते, आणि बापाला कळत नाही की यात गाणे किती आणि वेड किती. तक्रार करणाऱ्यांपैकी काहींना ही गाणी परकी म्हणून नकोत. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. पेटी युरोपातून आली आणि आपल्या भजनात अशी बसली की तिच्यावाचून आता भजनच सुरू होत नाही. दुसऱ्या काहींचे म्हणणे असे की, हे गाणे कारखान्यात घडवलेले आहे, म्हणून त्यात जीव नाही. या आक्षेपाचा मात्र विचार करावयास हवा.

ही गाणी मी लक्ष देऊन ऐकली आहेत, आणि पाहिलीही आहेत. कारण ती केवळ ऐकण्यासाठी नसतातच. एकाच गाण्यात तीनचार वेगवेगळ्या वळणांचे तुकडे शेजारी शेजारी बसविलेले असतात. चाल पुष्कळदा स्वीडनमध्ये किंवा अमेरिकेत बसलेल्या रचनाकारांच्या हातची असते. मध्येच गाणे थांबते आणि निव्वळ नृत्य उरते. सातजण किंवा नऊजण एकाच क्षणी मान वळवतात, आणि कॅमेऱ्याला ती मान कुठे वळणार हे आधीपासून ठाऊक असते. या अचूकपणाला सौंदर्य नाही, असे मी म्हणणार नाही. लेझीमचे पथक एका लयीत वाकते तेव्हा आपल्या अंगावर जो काटा येतो तो याच जातीचा. कारखान्यातून आले म्हणून ते खोटे, हा न्याय लावायचा तर वर्षानुवर्षांच्या तालमीने घडलेली आपली सारी संगीत रंगभूमी खोटी ठरेल.

परंतु या खेळात चुकीला जागा नाही, आणि म्हणूनच त्यात प्रसंगालाही जागा नाही. तमाशातला सोंगाड्या समोरच्या गर्दीतला एखादा पाटील हेरतो आणि चालू वगात त्याची टोपी उडवतो. बैठकीची लावणी गाणारी बाई एकच ओळ दहा अदांनी फिरवते आणि अकरावी कोणती येणार हे तिलाही ठाऊक नसते. कोरियन मंचावर प्रत्येकाच्या वाट्याला मोजके क्षण येतात आणि ते आधीच ठरलेले असतात. ही उणीव मला खरी वाटते. तरीही या प्रकाराचे मर्म तिच्यात नाही. ते गाण्याच्या बाहेर आहे.

थोडा इतिहास सांगावा लागेल. १९७५ साली पार्क चुंग-हीच्या राजवटीत शेकडो गाण्यांवर बंदी आली होती. पुढे लोकशाही आली, आणि १९९२ साली सो तेजी आणि त्याच्या दोन जोडीदारांनी अमेरिकन ढंगाची गाणी कोरियन भाषेत आणून तरुणांना वेडे केले. ते यश पाहून ली सू-मान या जुन्या गायकाने ठरविले की, अशी माणसे अवचित सापडण्याची वाट न पाहता ती घडवावीत. त्याच्या एस. एम. एंटरटेनमेंट कंपनीचा एच.ओ.टी. हा पाच मुलांचा संच १९९६ साली आला. पद्धत अशी बसली: कोवळ्या वयाची मुले निवडायची, गाणे, नाच, परभाषा आणि मुलाखतीत बोलण्याची रीत शिकवायची, आणि वर्षानुवर्षे थांबवून मग एक दिवस मंचावर आणायचे. ट्वाइस या संचातली जिह्यो दहा वर्षे अशी उमेदवारी करून २०१५ साली लोकांसमोर आली. अशा कलावंताला तिकडे ‘आयडॉल’ म्हणतात. शब्द मोठा बोलका आहे, कारण मूर्ती घडवावी लागते, आणि तिने जागचे हलायचे नसते.

ही मूर्ती विकते काय? गाणे तर मोबाईलवर जवळजवळ फुकट मिळते. तरीही एकच चाहता एकाच ध्वनिमुद्रिकेच्या दहा-वीस प्रती विकत घेतो. प्रत्येक प्रतीत संचातल्या कोणातरी एकाचे छायाचित्र असते आणि ते कोणाचे निघेल हे नशिबावर असते. जितक्या प्रती जास्त, तितकी सोडतीत नाव निघण्याची आशा जास्त. नाव निघाले तर त्या तारकेसमोर क्षणभर बसायला मिळते, ती सही करते, डोळ्यांत पाहून नाव विचारते. त्या क्षणासाठी हे सारे.

आपल्याकडे याला शब्द आहे, दौलतजादा. फडात नोट पुढे करायची आणि नाचणारीने ती घेताना देणाऱ्याचे नाव पुकारायचे. गर्दीत हजार माणसे असोत, तेवढ्या घटकेपुरते गाणे त्या एकट्यासाठी असते. तो लावणी विकत घेत नाही. ‘ही माझ्यासाठी गाते’ हा भास विकत घेतो. ही मोलाची माया आमच्या जिल्ह्याला नवी नाही. जामखेडच्या कलाकेंद्रांत संगीतबारी वाजत आली ती याच मायेवर. आणि भास टिकवायचा तर एक अट पाळावी लागते. जिच्या पायांत चाळ बांधले तिचे लग्न होत नसे. किशोर शांताबाई काळे यांच्या ‘कोल्हाट्याचं पोर’ या आत्मकथनाने १९९४ साली त्या अटीची किंमत मुलाच्या बाजूने मराठी वाचकांपुढे ठेवली. बाई सर्वांची वाटावी म्हणून ती कोणाचीच असता कामा नये.

सोलच्या झगमगाटात हीच अट भेटते तेव्हा मी थबकतो. २०२४ च्या मार्चमध्ये एस्पा या संचातील करीना या गायिकेने स्वतःच्या हस्ताक्षरात माफीपत्र लिहिले. तिचा अपराध एवढाच की एका नटावर तिचे प्रेम असल्याचे उघड झाले होते. माफी कायद्याने मागितली नव्हती, आईबापांनी मागितली नव्हती. ती चाहत्यांना हवी होती, कारण त्यांना वाटत होते की आपण काही विकत घेतले होते आणि ते आता परत काढून घेतले जात आहे. २०१९ साली सुली आणि गू हारा या दोन तरुण गायिका सहा आठवड्यांच्या अंतराने गेल्या. दोघींनीही निंदेचा भडिमार सोसला होता. मोलाने घेतलेली माया उलटली की ती अशी उलटते.

येथे एक फरक विसरून चालणार नाही. फडात आलेल्या मुली महार, मांग, कोल्हाटी अशा जातींतल्या होत्या, पोटासाठी आलेल्या होत्या, आणि रात्री त्यांच्यावर पैसे उधळणारे सकाळी त्यांना पाणी देताना हात वर धरीत. कोरियात हजारो मुले आपणहून चाचणीला उभी राहतात आणि यश आले तर राष्ट्र त्यांचा अभिमान बाळगते. डॉ. आंबेडकरांनी महाडच्या चळवळीसाठी पठ्ठे बापूरावांनी देऊ केलेले तमाशाचे उत्पन्न नाकारले, ते या अपमानाकडे पाहून. त्या पैशामागे आपल्याच समाजातील स्त्रियांचे काय होते हे त्यांना दिसत होते. त्यांचा नकार मला अजूनही योग्य वाटतो. तमाशाचे गोडवे गाणाऱ्या आजच्या शहरी रसिकाने तो एकदा नीट समजून घ्यावा.

पण बापूरावांच्या त्या फडात जी पवळा होती, संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावची, तिचे नाव तिच्या गावासह आजही लोकांच्या ओठांवर आहे. त्याच संगमनेरात कांताबाई सातारकरांनी आपला मुक्काम केला. तुकाराम खेडकरांच्या पश्चात त्या फडाबाहेर पडल्या, हाल सोसले, आणि मग स्वतःचा फड उभारला. वगांतून त्यांनी पुरुषभूमिकाही केल्या. वय वाढले तशी त्यांची कला नाचाकडून अभिनयाकडे आणि अभिनयाकडून फड चालविण्याकडे सरकत गेली. २०२१ साली करोनाने त्या गेल्या तेव्हा मुलगा रघुवीर खेडकर आणि त्या यांच्या जोडनावाने फड ओळखला जात होता. हे सारे सुखाचे होते असे नाही. उचल घेऊन हंगाम काढायचा आणि हंगामाच्या कमाईतून उचल फेडायची, हे फडमालकाच्याही नशिबी असतेच. नारायणगावच्या विठाबाई २००२ साली गेल्या त्या राष्ट्रपतींचा सन्मान मिळूनही विपन्नावस्थेत. तरी वगाच्या आकृतिबंधात म्हाताऱ्या माणसाला जागा होती. मावशी होती, राजा होता, सोंगाडी तर जितका मुरलेला तितका बरा. नाचणारी बाई साठीची झाली तर तिने काय करावे, याचे उत्तर त्या कलेपाशी होते. आणि फडाला नाव तिचे होते.

कोरियन पद्धतीत नाव कंपनीचे असते. २००९ साली तोंगबांगशिंकी या संचातील तिघे तेरा वर्षांच्या करारातून सुटण्यासाठी न्यायालयात गेले. त्यानंतर सरकारने नमुना करार काढून सात वर्षांची मर्यादा घातली. सात वर्षांनी माणूस सुटतो, नाव सुटतेच असे नाही. बीस्ट नावाच्या संचाला कंपनी सोडल्यावर २०१७ साली हायलाइट असे नवे बारसे करून घ्यावे लागले. न्यूजीन्सच्या पाच मुलींनी २०२५ च्या आरंभी नवे नाव घेऊन पाहिले, तर मार्चमध्ये न्यायालयाने स्वतंत्रपणे काम करण्यास मनाई केली. १९९८ साली आलेल्या शिन्हवाने स्वतःच्या नावाचा हक्क मिळविला तो २०१५ साली, म्हणजे सतरा वर्षांनी. ते लोक अपवादच म्हणायचे.

बीटीएसच्या सातजणांकडे मी याच कारणाने कुतूहलाने पाहतो. २०१३ साली ते आले तेव्हा शाळेच्या आणि आईबापांच्या अपेक्षांच्या ओझ्याविषयी गात होते. आमच्या तालुक्यातल्या मुलांना ती भाषा न समजता तो भाव समजला, हे मला मुळीच नवलाचे वाटत नाही. २०२० साली अमेरिकेच्या यादीत ते पहिल्या स्थानी पोचले. आणि दोनच वर्षांनी, जूनमध्ये, त्यांचा म्होरक्या किम नामजून सर्वांसमक्ष म्हणाला की, ही व्यवस्था माणसाला पिकायला अवधीच देत नाही. समीक्षकाने याहून नेमके काय म्हणावे? पुढे सातहीजण लष्करी सेवा करून २०२५ च्या जूनपर्यंत परतले. त्यांतला थोरला आता तिशी ओलांडून गेला आहे. चाळिशीत ते काय गातील, आणि त्यांच्या छायाचित्रांसह मोठ्या झालेल्या मुली तेव्हा त्यांच्या सुरकुत्या सोसतील काय, हे पाहण्याची मला उत्सुकता आहे. कांताबाईंच्या सुरकुत्या संगमनेरकरांनी पाहिल्या होत्या, आणि तिकीटही काढले होते.